वॉशिंग मशीनवाली सायकल



आपण इथे एरवी पुस्तकांवर, नाटकांवर, कधी इमारतींवर बोलतो. आज मी एका सायकलवर बोलणार आहे. खरं म्हणजे, ती सायकल बघून लोक काय म्हणाले, त्यावर. कारण एखादी वस्तू बघून आपण जे बोलतो ती समीक्षाच असते, आणि ती चुकीच्या जागी बोट ठेवते तेव्हा काय होतं, याचं हे फार चांगलं उदाहरण आहे.

सायकल आहे स्कॉटलंडच्या ग्रेअम ओब्रीची. तिचं नाव ‘ओल्ड फेथफुल’. ती त्याने स्वतःच्या हाताने बनवली होती. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेमधल्या हामारच्या ट्रॅकवर तो ती घेऊन उतरला आणि एका तासात ५१.५९६ किलोमीटर गेला. हा ‘तासाचा विक्रम’ म्हणजे एकदम सरळ हिशेब: माणूस एकटा, वेळ एक तास, जास्तीत जास्त अंतर. आधीचा विक्रम होता फ्रान्चेस्को मोझर या इटालियन स्वाराचा, ५१.१५१ किलोमीटरचा. १९८४मध्ये, मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत केलेला. नऊ वर्षं तो कुणी मोडला नव्हता. आणि ओब्रीही आदल्या दिवशी प्रयत्न करून जवळजवळ किलोमीटरभर कमी पडला होता. रात्र गेली, सकाळी पुन्हा उतरला आणि जमलं.

आता ती सायकल कशी दिसते ते आधी बघू. प्रतिक्रियांकडे मग येऊ.

ओब्रीचं म्हणणं असं, की पायडल मारताना दोन्ही पाय एकमेकांच्या जवळ हवेत, चालताना असतात तसे. नेहमीच्या सायकलमध्ये ते फाकलेले असतात, कारण पायडलचा मधला आस ज्या नळीत बसतो तीच रुंद असते. म्हणून त्याने ती अरुंद केली. आता पाय जवळ आले की काय होणार? गुडघे वरच्या आडव्या दांड्यावर आपटणार. म्हणून दांडाच काढला. आपल्याकडे बिनदांड्याची म्हटलं की लेडीज सायकल डोळ्यांपुढे येते, पण इथे कारण वेगळं आहे. मग क्रँक त्या अरुंद जागेत फिरायला हवेत, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या त्यांच्या आड येता कामा नयेत. म्हणून त्या नळ्या जमिनीला समांतर नाहीत. पुढचा चिमटा वारा कापायला जितका अरुंद करता येईल तितका केलेला, आणि त्याला पाय एकच! आणि बैठक? हात दुमडून थेट छातीखाली, अंग पुढे झुकलेलं. वाऱ्याला अडवायला हातच उरत नाहीत.

लक्षात येतंय का? बघताना ही सायकल विक्षिप्त वाटते. पण तिच्यातली एकेक विचित्र गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघालेली आहे. एका प्रश्नाचं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न उभा राहतो, त्याचं उत्तर दिलं की त्याच्या पुढचा. याला मी रचना म्हणतो.

आता प्रतिक्रिया. पहिली वर्तमानपत्रांची. त्या पायडलच्या आसासाठी ओब्रीने वॉशिंग मशीनमधली बेअरिंग वापरली होती. त्याचा विचार साधा होता: जे मिनिटाला बाराशे फेरे सहन करतं ते चांगलंच असणार. झालं! बातमी मिळाली. वॉशिंग मशीनपासून सायकल! पुढे ओब्रीला ही गोष्ट सांगितल्याचा पश्चात्ताप झाला, कारण पत्रकार त्याच्या कामगिरीच्या आधी वॉशिंग मशीन काढायचे.

तुम्ही म्हणाल, कौतुकच तर होतं ना ते. होतं. पण कसलं? आपल्याकडे शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असतं, तसलं. पाठीवर थाप मारायची आणि वस्तूकडे बघायचं सोडून द्यायचं. बेअरिंग कुठून आलं हा त्या सायकलमधला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. दुकानात तसं मिळालं असतं तर त्याने तेच घेतलं असतं. नळी अरुंद का केली, हा खरा प्रश्न. ‘जुगाड’ म्हणून टाळी दिली की तो प्रश्न विचारायची गरजच संपते.

दुसरी प्रतिक्रिया यूसीआयची, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची. १९९४मध्ये त्यांनी ती दुमडलेल्या हातांची बैठक बंद केली. पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत ओब्रीला हे कळलं ते शर्यतीच्या तासभर आधी. त्याने बैठक बदलली नाही, आणि त्याला बाद केलं. गडी तरी चिवट. पुढे त्याने हात सरळ पुढे ताणलेली ‘सुपरमॅन’ बैठक काढली आणि १९९५ साली बोगोटाला जगज्जेता झाला. नंतर तीही बंद झाली.

संघटनेची बाजू नीट मांडली पाहिजे. त्यांची काळजी अशी, की यंत्रच शर्यत जिंकू लागलं तर माणसाचं काय? हा प्रश्न खोटा नाही. तो जुनाही आहे. १९३३मध्ये फ्रान्सिस फोर पॅरिसला शार्ल मोशेच्या आडव्या सायकलवर रेलून बसला आणि तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा १९१४चा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी तसली सायकल स्पर्धांमधून बाहेर! कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला मान्य आहे.

पण रेघ कुठे ओढली ते बघा. पुढे नियम आला की सायकल कुणालाही विकत घेता येईल अशा प्रकारची हवी. ऐकायला समतेचा नियम. पण स्वतःच्या कार्यशाळेत एकच सायकल बनवणारा माणूस त्यात बसत नाही, आणि मोठी कंपनी कितीही महाग यंत्र विक्रीच्या यादीत घालून बसू शकते. २०२२ साली फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर केले ते त्रिमितीय छपाईने बनवलेल्या फ्रेमवर. त्याच्या पायांतली ताकद मी नाकारत नाही. पण यंत्राचा वरचष्मा नको म्हणून रेघ ओढली होती ना? मग ती नेमकी कुणाच्या अंगणातून गेली?

आता तिसरी प्रतिक्रिया, जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. ती स्वारांची. जानेवारी १९९४मध्ये तोच मोझर, वय ४२, मेक्सिकोत पुन्हा ट्रॅकवर उतरला, आणि तेही ओब्रीच्या बैठकीत! ५१.८४० किलोमीटर गेला. दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच आकड्यापेक्षा जास्त. आणि ओब्रीचा कट्टर प्रतिस्पर्धी ख्रिस बोर्डमन, त्याने १९९६मध्ये मँचेस्टरला ‘सुपरमॅन’ बैठकीत ५६.३७५ किलोमीटर केले. या दोघांनी वॉशिंग मशीनची गोष्ट सांगितली नाही की सायकलिंगच्या प्रतिष्ठेची चिंता केली नाही. ते तसे बसले. करून बघितलं.

याचा अर्थ ओब्रीचं सगळं बरोबर होतं असा नाही. हामारनंतर सहाच दिवसांनी बोर्डमनने बोर्दोला ५२.२७० किलोमीटर केले, हात पुढे टेकवायच्या तेव्हाच्या रूढ हँडलवर. म्हणजे त्या कोड्याला दुसरं उत्तरही होतं. शिवाय ओब्रीची बैठक बंद ट्रॅकसाठी ठीक. हात छातीखाली घेऊन रहदारीत वळून दाखवा बघू! ती सायकल एका शरीरासाठी, एका कामासाठी होती. तिची मर्यादाही त्याच निर्णयातून आली. पण हे दोष दिसायलासुद्धा आधी ती रचना वाचावी लागते. हसणाऱ्याला तिचे गुण दिसले नाहीत, तसे दोषही दिसले नाहीत.

तेव्हा एवढंच सांगतो. हाताने बनवलेली, वेगळीच दिसणारी वस्तू समोर आली की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘हे कशापासून बनवलं?’ किंवा ‘हे चालतं का नियमात?’ दोन्ही प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, बनवणाऱ्याला अडचण कुठली होती आणि ती सोडवताना त्याने काय सोडून दिलं. मग हवं तर नावं ठेवा. तेव्हा ठेवलेली नावं तरी उपयोगाची असतील.