ऋत्विक घटक यांचे चित्रपट : अतिनाट्य आणि विस्थापन

प्रस्तावना :
ऋत्विक घटक (१९२५-१९७६) यांनी अवघे आठ कथापट पूर्ण केले. त्यांपैकी १९५२ मध्ये तयार झालेला 'नागरिक' हा पहिला चित्रपट त्यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. सत्यजित राय यांच्या संयत शैलीशी तुलना करून घटकांच्या चित्रपटांतील अतिनाट्य आणि योगायोग यांना दोष ठरविले जाते. हा आक्षेप कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोकनाट्याचा वारसा :
घटक हे भारतीय जननाट्य संघाच्या (इप्टा) चळवळीत घडले. या संघाची स्थापना १९४३ मध्ये मुंबईत झाली. महाराष्ट्रात याच चळवळीच्या प्रवाहात अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी तमाशा व पोवाड्याला नवा आशय दिला. तमाशातील बतावणीला कोणी वास्तववादाची फूटपट्टी लावीत नाही. बंगालच्या जात्रेचे संस्कार घेऊन आलेल्या घटकांनाही ती लावणे अन्यायाचे ठरते.

योगायोगाचे प्रयोजन :
'मेघे ढाका तारा' (१९६०) मधील नीता निर्वासित कुटुंबाचा भार वाहते. प्रियकराने केलेली फसवणूक कळल्यावर ती जिना उतरते, तेव्हा चाबकाचे फटके ऐकू येतात. पडद्यावर चाबूक नसतो. कुटुंबाने तिचे चालविलेले शोषण मात्र कानावर आदळते. 'कोमल गांधार' (१९६१) मध्ये पद्मेच्या काठी संपणाऱ्या रुळांवरून कॅमेरा वेगाने धावतो आणि पडदा काळा होतो. फाळणीवर वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

१९६५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सुवर्णरेखा'त निर्वासित ईश्वर अनाथ अभिरामला वाढवितो. रेल्वे स्थानकावर मरणासन्न स्त्रीमध्ये अभिरामला आपली आई दिसते आणि त्याची बागदी जात उघड होते. नोकरीवर गदा येईल या भीतीने ईश्वर आपली बहीण सीता हिचा त्याच्याशी विवाह नाकारतो. पुढे मद्यधुंद ईश्वर ज्या वेश्येच्या दारी पोहोचतो, ती सीताच असते. हे योगायोग अविश्वसनीय आहेत, यात शंका नाही. तथापि, घर गेले तरी जात गेली नाही, हे कटू सत्य त्यांनीच उघडे पाडले आहे. ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणारी कुटुंबे पाहिलेल्या मराठवाड्यातील वाचकाला त्याची वेगळी फोड करून सांगावी लागत नाही. हंगामी स्थलांतर आणि फाळणी एक नव्हेत. परंतु गाव सुटल्याने जात सुटत नाही, हा अनुभव दोन्हीकडे समान आहे.

मर्यादा :
घटकांच्या नायिका अनेकदा मातृदेवतेचे प्रतीक होतात. नीता आणि सीता यांना मरण येते, तेव्हा प्रतीक पूर्ण होते. व्यक्ती म्हणून त्यांची इच्छा मात्र मागे पडते. नीताचा जगण्याचा आक्रोश हाच याला ठळक अपवाद आहे.

निष्कर्ष :
१९६० च्या दशकाच्या मध्यास घटक पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. या शिष्यांनी गुरूच्या शैलीचे अनुकरण केले नाही, स्वतःची भाषा शोधली. सारांश, घटकांचे अतिनाट्य हा संयमाचा अभाव नसून, सभ्य वास्तववाद जे झाकून ठेवतो ते बोलण्याची ती रीत आहे. मराठी समीक्षेने लोकनाट्याला दिलेला न्याय या चित्रपटांनाही देणे आवश्यक आहे.