कान लाव

ट्रक शिकणाऱ्याचा हात कच्चा आहे, हे दिसायच्या आधी ऐकू येतं. गोंदियाहून गोरेगाव, मग मुरदोलीचं जंगल आणि पुढं कोहमारा. या रस्त्यावर एका जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये मी मागच्या फळीवर बसलो होतो. गाडी रिकामी. पोरगा विशी ओलांडलेला, हलक्या गाडीच्या परवान्याला वर्ष झाल्यावर शिकाऊ परवाना काढून मोठ्या गाडीवर आलेला. पहिल्यावरून दुसरा टाकताना गिअरबॉक्स असा करकरला की माझे दात आंबले. पोरानं दांडीवर आणखी जोर दिला. उस्ताद म्हणाले, "जोर नोको लावू बे, कान लाव."

सगळी विद्या त्या 'कान लाव'मध्ये आहे. या जुन्या गिअरबॉक्सात सिंक्रोमेश नाही. आतल्या फिरत्या भागांचा वेग जुळल्याशिवाय गिअर बसत नाही, आणि तो वेग जुळवायचा चालकानं. म्हणून डबल क्लच: दाबायचा, न्यूट्रल, सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग गिअर. चढता गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये थांबून इंजिनचा आवाज खाली येऊ द्यायचा. उतरत्याला उलटं: न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, आवाज वर न्यायचा आणि तो तिथं असतानाच दांडी ओढायची.

धानाच्या गिरण्या येण्याआधी आमच्या झाडीपट्टीत दोघी बाया एका उखळात आळीपाळीनं कांडायच्या. मुसळाला मुसळ लागत नसे. मोजत कुणीच नसे, हात आवाजावर चालायचे. न्यूट्रलमधला तो पळ त्याच जातीचा आहे.

माझ्या मते खरा कस उतरत्या गिअरचा. चढत्या गिअरला हवा तो आवाज आपल्या पायानं चालत येतो, धीर धरला की झालं. उतरत्याला तो आधी मनात ऐकावा लागतो. त्यात माल भरलेला आणि समोर चढ असला, तर चाकं मंदावत जातात, थांबायला वेळच उरत नाही.

मुरदोलीच्या चढावर इंजिन घुमू लागलं. पोराची मूठ आता सैल होती, दांडीच्या गुळगुळीत बोंडावर नुसता तळवा. क्लच, न्यूट्रल, एक छोटीशी रेस, क्लच. तिसऱ्यावरून दुसरा 'टप्' करून पडला. करकर नाही, धक्का नाही. उस्ताद काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. एवढी मोठी दाद मी क्वचित पाहिली आहे.

कोहमाऱ्याहून महामार्गानं साकोली-लाखनीकडे गेलं की गाडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्स बनवणारा कारखाना लागतो. आता नव्या ट्रकांत सिंक्रोमेश असतं, एका क्लचात काम भागतं. तरी डबल क्लच शिकवणारे उस्ताद अजून आहेत. कोहमाऱ्याच्या चौकात कधी चहाला थांबलात, तर एखादा जुना भरलेला ट्रक वेग कमी करत वळेपर्यंत कप खाली ठेवा आणि त्याचं उतरणं ऐका.