समाकलनाचे अध्यापन आणि सागाचा ओंडका

पदवीवर्गातील समाकलनाचा अभ्यास बहुधा प्रतिअवकलज शोधण्याच्या युक्त्यांपाशी सुरू होतो व तेथेच संपतो. या युक्त्यांचा सराव आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु समाकलन म्हणजे सूक्ष्म भागांच्या बेरजेची सीमा, ही मूळ कल्पना त्यांत झाकोळून जाते. परिणामी या दोन कल्पनांना जोडणारे मूलभूत प्रमेय विद्यार्थ्याला केवळ एक सोयीचे सूत्र वाटते.

२०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात, म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत, ही उणीव विशेष जाणवण्याजोगी आहे. आलापल्लीच्या सागाच्या या प्रदेशात ओंडक्याचे घनफळ काढणे हा नित्याचा व्यवहार होय; आणि घनफळ म्हणजे छेदांच्या क्षेत्रफळांचे लांबीवरील समाकलन.

सहा मीटर लांबीचा, टोकांशी ३० व २० सेंटिमीटर त्रिज्येचा, सरळ निमुळता ओंडका घ्यावा. समाकलनाने त्याचे घनफळ १.१९४ घनमीटर येते. दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेणाऱ्या स्मेलियनच्या सूत्राने ते १.२२५, तर केवळ मध्यछेद घेणाऱ्या ह्यूबरच्या सूत्राने १.१७८ येते. न्यूटनचे सूत्र दोन्ही टोके व चौपट मध्यछेद यांची बेरीज करून तिला लांबीने गुणते व सहाने भागते. त्याचे उत्तर अचूक येते. हाच सिंप्सनचा नियम. छेदाचे क्षेत्रफळ लांबीच्या तृतीय घातापर्यंतच्या बहुपदीने व्यक्त होत असेल, तोवर त्यात चूक संभवत नाही. लाकडाच्या व्यवहारात रूढ असलेली, मध्यघेराच्या चतुर्थांशाचा वर्ग लांबीने गुणण्याची रीत मात्र ०.९२५ एवढेच घनफळ देते; कारण वर्तुळाच्या खऱ्या क्षेत्रफळाचा सुमारे ७८.५ टक्के भागच ती मोजते.

सूत्रे उपलब्ध असता समाकलन कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु कोणते सूत्र कोणत्या आकाराला लागू पडते, ते किती चुकते आणि ती चूक विकणाऱ्याच्या पदरी पडते की घेणाऱ्याच्या, याचा निवाडा सूत्रे स्वतः करू शकत नाहीत. तो समाकलनानेच होतो. म्हणून बेरजेची सीमा व तिचा अंदाज यांना अभ्यासक्रमात युक्त्यांच्या आधी स्थान मिळणे इष्ट आहे. अन्यथा अवघड समाकले सोडविणारा पदवीधर आपल्याच गावच्या ओंडक्याचे माप पारखण्यास असमर्थ राहील.