अंतरा कुठं गेला?

मागच्या उन्हाळ्यात लिंबागणेशला एका लग्नात परण्या निघाला तेव्हा मी मुद्दाम मोजत उभा होतो. पिकअपवर रचलेला डीजे, त्याच्यापुढं नवरदेवाचे मित्र, मागं घोडा, घोड्यामागं बायका. मारुतीच्या देवळापर्यंत पोचायला दीड तास लागला आणि त्या दीड तासात एकाही गाण्याचा अंतरा पूर्ण वाजला नाही. मुखडा यायचा, मुखड्यातलीही एखादीच ओळ. ती तीन-चारदा तुटत तुटत वाजायची, मग डीजेवाल्याचं नाव घेणारा घोगरा आवाज, मग सायरन, मग क्षणभर काहीच नाही. आणि मग बेस. बेस आला की सगळे एकदम उसळायचे. मीही उसळलो, खोटं कशाला बोलू.

डीजेबद्दल लिहिणारे बहुतेक जण आवाजापासून सुरू होतात आणि आवाजापाशीच थांबतात. आवाजाचा प्रश्न खोटा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डीजेच्या तोंडासमोर आकडा सहज शंभरी ओलांडतो. डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. दहाची वाढ म्हणजे तीव्रता दहापट. म्हणजे ५५ वरून १०५ वर गेलात तर तीव्रता दुप्पट नाही, लाखपट झाली. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये पुन्हा ठणकावलं. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयानं साउंडवाल्यांना दिलासा नाकारला. २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की गणपतीत जे हानिकारक आहे, ते ईदच्या मिरवणुकीतही हानिकारकच. हे सगळं मला मान्य आहे. घरात हृदयाचं दुखणं असलेलं माणूस असेल, तर ते समजायला न्यायालयाची गरजही पडत नाही.

पण कायद्याच्या हातात फक्त मीटर आहे. त्यात आवाज किती ते दिसतं. काय वाजलं, कुणी वाजवलं आणि कुणासाठी, ते दिसत नाही.

आमच्या बालाघाटातल्या गावांत वाजवणं हे जातीनं ठरलेलं काम होतं. हलगी मांगवाड्यातून यायची. पाचट पेटवून तिचं चामडं शेकायचं, टणक आवाज आला की चालू लागायचं. लग्न असो, मयत असो, देवाची पालखी असो, दवंडी असो. वाजवणारा पुढं आणि तरी कार्यात नाही. जेवायला सगळ्यांत शेवटी, पंगतीपासून लांब. ते वाजवणं अप्रतिम असायचं. हलगीचा ठेका बदलला की पाय आपोआप बदलतात, हे ज्यानं अनुभवलं त्याला सांगावं लागत नाही. पण ‘आपली अस्सल हलगी गेली, डीजेनं संस्कृती बुडवली’ असं कुणी हळहळून म्हणालं की मी विचारतो, तुमच्या घरातल्या कुणी कधी वाजवली होती का? पुढं बहुतेकदा विषय बदलतो.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) जत्रेचा प्रसंग आहे. जब्या नवे कपडे घालून मिरवणुकीत नाचायला येतो. शालूनं आपल्याकडं बघावं एवढंच त्याचं मागणं. आणि थोड्याच वेळात त्याला बाजूला ओढून त्याच्या डोक्यावर दिवा ठेवला जातो. इतर नाचतात, तो उजेड धरून उभा राहतो. मराठी सिनेमात मिरवणुकीवर याहून नेमकं भाष्य मी पाहिलेलं नाही. डीजे आला आणि तो दिवा डोक्यावरून उतरला, उजेड जनरेटरवर आला. वाजवणं हे बलुतं राहिलं नाही, भाड्याचा धंदा झाला. गाडी कुणाची, ऑपरेटर कोण, हे सुपारी देणाराही विचारत नाही. तो विचारतो, बेस किती आणि टॉप किती. ही लहान गोष्ट नाही. डीजेच्या कपाळावर विध्वंसाचा शिक्का मारणाऱ्यांनी ती आधी नोंदवायला हवी.

आणि दुसरी गोष्ट, १४ एप्रिलची. जयंतीचा डीजे हा फक्त नाच नसतो. ज्या रस्त्यावरून आजोबा मान खाली घालून गेले, त्याच रस्त्यानं नातू चार तास घालवत जातो. हा हक्क फुकट मिळालेला नाही. २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलची रिंगटोन! तिला किती डेसिबल असतात? २०२३ च्या जूनमध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत, गावात जयंती साजरी केल्याचा राग धरून एका तरुणाला मारल्याची फिर्याद दाखल झाली. हे माहीत असलेला माणूस ‘जयंतीचा डीजे फार कर्कश’ एवढंच म्हणून पुढं जाऊ शकत नाही. आमच्याकडं लग्नाच्या डीजेबद्दल कपाळाला आठी पडते आणि जयंतीच्या डीजेबद्दल थेट फोन जातो, हा फरक मी लहानपणापासून बघत आलोय.

तरीही अंतरा कुठं गेला, हा प्रश्न मी सोडत नाही. उलट जयंतीच्या दिवशी तो सगळ्यांत जास्त टोचतो.

भीमगीत मुळात मांडणी आहे. सत्यशोधक जलशातून, आंबेडकरी जलशातून ते आलं. सभेचं काम गाण्यानं करायचं म्हणून. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्यांनी गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली, गायली. अशा गाण्यात मुखडा दावा करतो आणि अंतरा पुरावा देतो. पाणी कुणी दिलं, शाळा कुणी दिली, कायदा कुणी लिहिला, आणि आता तू काय करतोयस, हे सगळं अंतऱ्यात. शेवटच्या कडव्यात तर कवी बऱ्याचदा आपल्याच माणसांचे कान धरतो. डीजे मिक्समध्ये यातला फक्त जयजयकार उरतो. भजनाचं तेच, गणपतीच्या गाण्यांचंही तेच. आमचं गाव भालचंद्राचं. गणपतीला हसलेल्या चंद्रानं इथं तप केलं अशी कथा आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत भालचंद्र हा शब्द मात्र मी एकदाच ऐकला, तोही ट्रॅक लावताना चुकून वाजलेल्या आरतीत.

लग्नातला जुना बँड आठवून बघा. क्लॅरनेटवाला बेसूर असेल, पण तो अंतऱ्यापर्यंत जायचाच. गाणं त्याला पूर्ण पाठ असायचं, आणि अंतऱ्यात नाचणारे जरा दम खायचे.

गावातला एक ऑपरेटर माझ्याहून बराच लहान आहे. त्याचे आजोबा हलगी वाजवायचे. तो मोबाइलवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर मिक्स बनवतो. त्याला विचारलं तर हसून म्हणाला, “दादा, अंतऱ्याला पब्लिक थांबतंय. पब्लिक थांबलं की समोरची गाडी वाजती.” समोरची गाडी! मग कळलं. दोन डीजे समोरासमोर लावून कोणाचा आवाज भारी हे बघायचं, या शर्यतीसाठी आता वेगळे ट्रॅक बनतात. त्यांना कॉम्पिटिशन मिक्स म्हणतात. यूट्यूबवर शोधा, ढीग सापडेल. त्यात गाणं नसतंच; सायरन, धमकीवजा संवाद आणि काच हलवणारा बेस. ते माणसाच्या कानासाठी नाही, स्पीकरच्या कागदासाठी बनवलेलं संगीत आहे.

हे यंत्राचं प्राक्तन नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीकडून आलं आणि परदेशी मंचांवर वाजलं. तेही बेसवरच उभं आहे, पण त्यात मराठी शब्द कापून चिकटवलेले नाहीत. शब्दांचा ठसका हाच तिथं ठेका आहे. अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’लाही अंतरे आहेत, आणि ते पाठ असलेली पोरं गावोगाव आहेत. म्हणजे पब्लिक थांबतं हे पूर्ण खरं नाही. पब्लिकला थांबायची सवय राहिली नाही, हे जास्त खरं.

हे सगळं मी त्या ऑपरेटरला बोलून दाखवलं. तो पटल्यासारखा वाटला नाही. जयंतीचा एक मिक्स करतोय, एवढंच म्हणाला. चार दिवसांनी रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली. खाली लिहिलं होतं, ‘दादा हेडफोन लावून ऐका, बेस कमी ठेवलाय’. पाच मिनिटांच्या मिक्समध्ये तिसऱ्या मिनिटाला सायरन थांबतो, ठेका नुसत्या हलगीवर येतो, आणि एक अंतरा आहे. पूर्ण. मी मोजला, बावीस सेकंद.