किनाऱ्याचे ऋतु आणि आमचें ऋतुवर्णन

आमच्या वाङ्मयांत ऋतुवर्णनें विपुल आहेत. परंतु तीं वाचून अमुक एका गांवीं पाऊस केव्हां येतो, केव्हां जातो आणि तेवढ्या काळांत तेथील माणसें कशीं राहतात, हें वाचकास सहसा उमगत नाहीं. काव्याकडून पर्जन्यमापकाचें काम मागणें हा अरसिकपणा होय, असें म्हणणारे रसिक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्याशीं वाद घालण्यापूर्वीं आम्ही एक प्रदेश कसोटीस घेतों : १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांतील डहाणू शहर, आणि त्याच तालुक्यांत समुद्रापासून थोडें आंत असलेलें कैनाड हें गांव.

कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग ग्रीष्मापासून निघून वसंतापाशीं संपतात. त्या चौकटींत डहाणू बसवूं गेल्यास प्रथम हेमंत आणि शिशिर ह्यांचेंच काय करावें असा प्रश्न पडतो. समुद्राच्या सान्निध्यामुळें येथील हिंवाळा इतका सौम्य आहे, कीं उष्ण अमेरिकेंतून आलेलें चिकूचें झाड येथें माहेरीं असल्यासारखें वाढलें, आणि २०१६ सालीं डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालें. कडाक्याची थंडी पडती तर ह्या वाड्या उभ्याच राहिल्या नसत्या. वसंतही येथें नांवापुरताच. उन्हाळ्यांत पारा विदर्भाइतका चढत नाहीं हें खरें, पण हवेच्या दमटपणामुळें अंगावरचा घाम वाळत नाहीं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तेव्हां शहराला हायसें वाटतें, आणि तोच वारा आंतल्या गांवांकडे जातां जातां क्षीण होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येतो आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत परततो. वर्षाचें बहुतेक सर्व पाणी ह्या चार महिन्यांत पडून जातें. मागाहून पुन्हा उकाडा. आमच्या शरद्वर्णनांत चांदणें असतें, कमळें असतात. हा ऑक्टोबरचा उकाडा मात्र कोठें आढळत नाहीं.

बालकवींची श्रावणावरील कविता कोणत्या मराठी मुलाला येत नाहीं? ऊन आणि सर ह्यांचा तो खेळ आम्हांसही प्रिय आहे. पण बालकवी १८९० सालीं धरणगांवीं, खानदेशांत, जन्मले. आणि सह्याद्रीच्या पूर्वेकडील पाऊस व पश्चिमेकडील पाऊस ह्यांत फार अंतर आहे. शिवाय श्रावण हा चांद्रमास असल्यामुळें तो कधीं जुलैच्या उत्तरार्धांत लागतो, तर अधिकमास आल्यास ऑगस्टच्या मध्यावर. जुलै हा किनाऱ्यावरचा सर्वांत ओला महिना. लवकर लागलेला श्रावण डहाणूस पुष्कळदां आषाढासारखाच कोसळतो. सरींमधून ऊन पाहावयास मिळतें तें पुढें. ह्यांत कवीचा दोष नाहीं. एका कवितेचा श्रावण साऱ्या महाराष्ट्रावर पसरून बसणाऱ्या आमच्या क्रमिक पुस्तकांचा मात्र आहे.

ह्या रूढींतून बाहेर पडण्याचा मोठा यत्न दुर्गाबाई भागवतांनीं ‘ऋतुचक्र’ (१९५६) ह्या पुस्तकांत केला. सहा ऋतु बाजूस सारून त्यांनीं बारा महिने धरले, आणि पाठांतरापेक्षां डोळ्यांवर भिस्त ठेविली. कोणतें झाड केव्हां पालवतें, आकाशाचा रंग कसा पालटतो, हें त्या नेमकें सांगतात. मराठी गद्यांत ह्या जातीचें निरीक्षण पूर्वीं क्वचितच झालें होतें. तरीही एक उणीव आम्हांस जाणवते. त्या पुस्तकांत ऋतु भोगणारें मन आहे, पण ऋतूंत राबणारे हात फारसे नाहींत.

ते हात कैनाडच्या बाजूस पाहावे लागतात. तेथें उन्हाळ्यांतच पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजतात; त्यास राब म्हणतात. पाऊस पडतांच त्या राबांत भात पेरावयाचा, आणि रोपें उंच झालीं कीं चिखलांत लावणी करावयाची. पहिल्या सरींनंतर पावसानें दडी मारली तर रोपें करपतात. लावणीच्या वेळीं आला नाहीं तर रोपें जून होतात. हळवें भात आधीं तयार होतें, गरवें उशिरां; पण दोन्ही हातीं येण्यापूर्वीं घरांतील धान्य सरलेलें असतें. नव्या पिकावर फेडण्याच्या कराराची खावटी घ्यावयाची, ती ह्याच दिवसांत. कवींना जो हिरवा वाटतो तो काळ येथें परंपरेनें उपासाचा. हें एकदां कळल्यावर वर्षावर्णनांतील मोर आम्हांस पूर्वींइतके गोड वाटेनासे झाले, हें कबूल करणें भाग आहे.

म्हणून ह्या प्रदेशाच्या हवामानावरील उत्तम मराठी पुस्तक आमच्या मतें गोदावरीबाई परुळेकरांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हें आहे. त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ऋतुवर्णन म्हणून मात्र तें कोणीच हातीं घेतलें नसेल. त्याचा विषय वारल्यांची वेठबिगार आणि तिच्याविरुद्धचा लढा. पण त्या लढ्याचे दिवस पाहा. पाऊस उघडला कीं माळांवरचें गवत पिकतें. तें वेळेवर कापलें नाहीं तर मालकाचा माल वाया जातो, आणि तें कापणारे वारलीच. १९४५ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मागितले आणि काम थांबविलें. १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. ५ माणसें मेलीं. संप जूनमध्यें करतां आला नसता, कारण जूनमध्यें मजुराच्या पदरीं दाणा नसतो. ऑक्टोबरांत मालकास घाई असते. ज्या शरदांत आमचे कवि चांदणें मोजीत आले, त्याच शरदानें येथें मजुराच्या हातीं प्रथमच कांहीं बळ दिलें.

पुस्तक निर्दोष आहे असें नव्हे. त्यांत लढ्याच्या ओघापुढें बाकीचें सारें मागें पडतें, आणि समुद्र तर जवळजवळ नाहींच. किनाऱ्यावरील कोळ्यांचें वर्षही पावसानेंच दुभंगलेलें असतें : पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवावयाच्या, नारळी पौर्णिमेस दर्या पुजावयाचा, आणि कोरडी हवा आली कीं बांबूंवर बोंबील सुकवावयाचे. तेंच कोरडें ऊन आंतल्या गांवांत भात कापावयास आणि झोडावयास लागतें. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांच्या चित्रांत ह्या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. मासे धरण्याचें विस्तीर्ण जाळें त्यांनीं पांढऱ्या रंगानें रेखाटलें, आणि पांढऱ्या रंगानेंच वारली स्त्रिया लग्नाचा चौक लिहितात. गद्यांत मात्र डहाणूचा धक्का आणि कैनाडचें खळें अजून एका पुस्तकांत आलेलीं आमच्या वाचनांत नाहींत.