जन्मभराची बालवाडी

‘प्रतिभा’ हा शब्द आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी मोठ्या जपणुकीने वापरला. ती विरळ्यांच्याच वाट्यास येणारी देणगी होय, असे मानण्याकडे त्यांचा कल होता. आज तिचीच धाकटी बहीण जी ‘सर्जनशीलता’, तिचा संचार मात्र सार्वत्रिक झालेला दिसतो. शाळांच्या माहितीपत्रकांत ती आहे, शिक्षणखात्याच्या परिपत्रकांत ती आहे, आणि मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या नानाविध ॲपांच्या जाहिरातींत तर तिच्यावाचून पान हलत नाही. मुलाने बोट लावावे आणि चित्र उमटावे, गाणे वाजावे, गोष्ट हलूबोलू लागावी. आणि ह्या सर्वांस सर्जन म्हणावे, अशी ही रीत आहे. अशा वेळी ज्या एका ग्रंथाने ह्या चळवळीस तत्त्वज्ञानाची बैठक देण्याचा प्रयत्न केला आहे, तो बारकाईने वाचून पाहणे अगत्याचे ठरते. तो ग्रंथ म्हणजे मिचेल रेझ्निक ह्यांचा ‘लाइफलाँग किंडरगार्टन’. अमेरिकेतील एम्. आय्. टी. प्रेसने तो २०१७ साली प्रसिद्ध केला.

ग्रंथकार हे केवळ उपदेशक नव्हेत. एम्. आय्. टी. च्या मीडिया लॅबमध्ये ते प्राध्यापक असून, ‘स्क्रॅच’ नावाचे जे साधन जगातील कोट्यवधी मुलांच्या हाती गेले आहे, ते त्यांच्याच मंडळाने २००७ साली लोकांपुढे ठेवले. संगणकाला आज्ञा देण्याची भाषा एरवी रुक्ष आणि चुकीला क्षमा न करणारी. एक विराम चुकला की सारा डोलारा कोसळावयाचा. स्क्रॅचमध्ये ह्या आज्ञांना रंगीत ठोकळ्यांचे रूप दिलेले आहे. जे ठोकळे अर्थाने एकमेकांस जुळत नाहीत ते आकारानेही जुळत नाहीत. त्यामुळे आठ-नऊ वर्षांचे मूल व्याकरणाच्या भीतीवाचून वाक्ये रचू लागते, आणि त्याने रचलेल्या वाक्यांप्रमाणे पडद्यावरील मांजर चालते, बोलते, नाचते. पुढे २०१४ साली अगदी लहानग्यांसाठी ‘स्क्रॅच ज्युनिअर’ निघाले.

ह्या कल्पनेची वंशावळ ग्रंथकाराने प्रामाणिकपणे दिली आहे. तिचा मूळपुरुष जर्मनीतील फ्रोबेल. १८३७ साली त्याने लहान मुलांसाठी शाळा काढली, आणि तिच्यात पाठांतराऐवजी चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या अशा वस्तू मुलांच्या हाती दिल्या. गेल्या सहस्र वर्षांतील सर्वांत थोर शोध कोणता, छापखाना की वाफेचे यंत्र, ह्या प्रश्नास रेझ्निक ह्यांचे उत्तर ‘बालवाडी’ असे आहे! दुसरा पूर्वज सीमोर पेपर्ट. जिनिव्हास पियाजेच्या सान्निध्यात काही वर्षे काढून तो अमेरिकेत आला, १९६७ साली सहकाऱ्यांसह त्याने मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली, आणि १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ हा ग्रंथ लिहून असा पक्ष मांडला की, संगणकाने मुलाला शिकवावयाचे नसून मुलाने संगणकाला शिकवावयाचे आहे. रेझ्निक हे ह्याच गुरूचे शिष्य. बालवाडीत मूल ज्या रीतीने शिकते त्याच रीतीने सर्वांनी जन्मभर शिकावे, हा त्यांच्या ग्रंथाचा सिद्धांत. त्यासाठी चार गोष्टी हव्यात: काहीतरी करून पाहण्याचा प्रकल्प, त्याविषयीची मनापासूनची आवड, सवंगड्यांची सोबत आणि खेळकर वृत्ती.

ग्रंथातील उत्तम भाग आमच्या मते साधनाच्या घडणीविषयीचा आहे. चांगल्या साधनाचा उंबरठा ठेंगणा असावा, आढे उंच असावे, आणि भिंती ऐसपैस असाव्यात, असे हे मत आहे. म्हणजे नवख्यालाही आत सहज शिरता यावे, जाणत्यालाही डोके आपटल्याची जाणीव होऊ नये, आणि निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांस आपापली वाट काढता यावी. पहिल्या दोन लक्षणांचे श्रेय पेपर्टचे. तिसऱ्याची भर रेझ्निक ह्यांची. हे वाचताना मराठी वाचकास आपल्या ओवीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तिचा उंबरठा इतका ठेंगणा की, अक्षरशत्रू बाईनेही जात्यावर बसून दळता दळता ती जुळवावी. आढे इतके उंच की, १२९० साली ज्ञानेश्वरांनी तिच्यातच गीतेचे सारे तत्त्वज्ञान सामावून दाखवावे. आणि भिंती इतक्या ऐसपैस की माहेर, सासर, विठोबा, भाऊराया ह्या सर्वांस तिच्यात जागा असावी. उत्तम साधन माणसाला दडपीत नाही आणि मोकाटही सोडीत नाही, हे सत्य एम्. आय्. टी. च्या प्रयोगशाळेत नव्याने सापडले असले, तरी ते पुरातन आहे.

ह्याच कसोटीवर बाजारातील पुष्कळशी ॲपे हिणकस ठरतात, आणि ती कसोटी ग्रंथकारानेच आपल्या हाती दिली आहे. ठरावीक कोडे, ठरावीक उत्तर आणि शेवटी टाळ्यांचा आवाज, ह्या पद्धतीने संगणकविद्या शिकविण्यावर त्यांचा कटाक्ष आहे. मुलाने कोडी सोडवू नयेत असे नव्हे. पण स्वतःचे काही रचल्यावाचून ती विद्या त्याची होत नाही. ह्याच्या पुष्टीसाठी ते लेखनाचा दाखला देतात. सगळीच मुले पुढे पत्रकार वा कादंबरीकार होत नाहीत, तरी आपण सर्वांस लिहावयास शिकवितोच. कारण लिहिण्याने विचार करण्याची रीत अंगी येते.

त्यांनी जाहीर व्याख्यानातून सांगितलेली एका मुलाची हकीकत ह्या दृष्टीने बोलकी आहे. मोठा मासा लहान माशास गिळतो असा खेळ तो मुलगा रचीत होता, आणि प्रत्येक घासागणिक गुण कसे वाढवावेत हे त्याला उमगत नव्हते. रेझ्निक ह्यांनी त्याला ‘चल’ राशीची कल्पना दाखविली. ती कळताच त्या मुलाने त्यांचा हात हाती घेऊन पुनःपुन्हा आभार मानले. बीजगणिताच्या किती शिक्षकांचे ह्या कारणासाठी कोणी आभार मानले असतील? गरज आधी आणि ज्ञान मागाहून, असा क्रम लागला की ज्ञानाला किती गोडी येते, ह्याचे हे सुंदर उदाहरण होय.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव पुराव्याची. ग्रंथात ज्या मुलांच्या कथा येतात ती बहुधा यशस्वी मुले आहेत. काहींच्या तर मुलाखती प्रकरणांच्या अखेरीस दिल्या आहेत. त्या वाचनीय आहेत. परंतु जी मुले दोन दिवस मांजर नाचवून कंटाळली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाहीत, त्यांची मुलाखत कोणी घ्यावयाची? लोगोच्या वेळीही हाच प्रश्न उपस्थित झाला होता. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील पी आणि कर्लंड ह्या संशोधकांनी १९८४ साली दाखविले की, लोगो शिकलेली मुले इतर कामांची आखणी करण्यात न शिकलेल्यांहून सरस ठरत नाहीत. पेपर्टने १९८७ साली ह्यास उत्तर दिले ते मार्मिक होते: लाकडाने चांगली घरे होतात काय, असे कोणी विचारतो का? घर चांगले होणे हे सुताराच्या हातावर अवलंबून. उत्तर बिनतोड खरे. पण ते दुधारी आहे. लाकडाला दोष देता येत नसेल तर लाकडाला श्रेयही देता येणार नाही. पेरू देशात शेकडो शाळांतून मुलांना लहान संगणक वाटण्यात आले. त्या योजनेची पद्धतशीर पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सामान्य बुद्धिकौशल्याच्या चाचण्यांत काही वाढ आढळली, परंतु गणितात आणि भाषेत सुधारणा दिसली नाही. लाकूड घरोघर पोचले होते. सुतार पोचले नव्हते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकास ती विशेष जाणवते. मम्मटाने काव्याच्या निर्मितीचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन नावे घेतली, आणि ‘हेतू’ हा शब्द मात्र एकवचनी योजला. तिन्ही मिळून एकच कारण. सुटे सुटे नव्हेत. रेझ्निक ह्यांच्या चौकडीत शक्तीला पुष्कळ वाव आहे. आवड आणि खेळ ही तिचीच अपत्ये. अभ्यासालाही, थोडा आडून का होईना, प्रवेश आहे. कारण मुलांना सोपे नको असते, आवडीचे कठीण हवे असते, हे पेपर्टचे म्हणणे ग्रंथकारास मान्य आहे. परंतु निपुणतेचे काय? लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वसूरींची काव्ये ह्यांच्या परिशीलनाने जी येते, ती निपुणता. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचिली असे मानले जाते. त्यांतल्या एकात तर प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरेच वर्ज्य केली. हा खेळ नव्हे काय? खेळच, पण त्या खेळामागे संस्कृत साहित्याचे केवढे भांडार उभे होते! लेखनाचा जो दाखला ग्रंथकार देतात तोच येथे त्यांच्यावर उलटतो. मूल लिहावयास शिकते ते पुष्कळसे वाचून. वाचनावाचून लेखन म्हणजे विहिरीत नसलेले पाणी पोहऱ्याने शेंदणे होय.

ह्यावर स्क्रॅचच्या वतीने एक चांगले उत्तर देता येण्यासारखे आहे, ते येथे नोंदविले पाहिजे. तेथे प्रत्येक मुलाची कृती इतरांस उघडून आतून पाहता येते, आणि तिच्यात फेरफार करून नवी कृती मांडता येते. मूळ कर्त्याचा निर्देश मात्र राहतो. हे एक प्रकारचे वाचनच झाले. कीर्तनकाराने जुने आख्यान घेऊन आपल्या पदरचे रंग भरावेत, तशीच ही रीत. परंतु आपल्या परंपरेत दुसरीही बाजू आहे. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घुसडू नये असे बजावून ठेविले. स्वतः नाथ अलोट रचना करणारे. तरीही काही ठिकाणी हात न लावता नुसते समजून घेणे हेच शिक्षण, हे त्यांना ठाऊक होते. विद्यार्थ्याने शकुंतलेचा चौथा अंक वाचावा आणि काही काळ त्यात काहीही ‘करू’ नये. त्याला जागा द्यावी. करण्याच्या ह्या शास्त्रात ऐकण्याचे, गप्प बसण्याचे प्रकरण नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. त्याने चालना द्यावी, सल्ला द्यावा, माणसे जोडून द्यावीत आणि बरोबरीने काम करावे, अशी चार कामे ग्रंथकार त्याच्याकडे सोपवितात. ही अपेक्षा रास्त आहे. परंतु एका वर्गात पन्नास-साठ मुले, चाळीस मिनिटांचा तास आणि वर्षअखेरीस परीक्षा, ही आपल्याकडील पुष्कळ शाळांची स्थिती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात संगणकाला आज्ञा देण्याच्या विद्येस स्थान दिले आहे. पालकांच्या मनात लगेच धास्ती उत्पन्न झाली, आणि धास्तीचे भांडवल करणारे वर्गही जागोजाग निघाले. ज्या सावकाशीवर ह्या ग्रंथाचे सारे तत्त्वज्ञान उभे आहे, ती सावकाशीच ह्या घाईत हरवते, आणि बालवाडीचे तत्त्व शिकवणीच्या वर्गात कोंबले जाते.

आणि सावकाशी असली तर यंत्र कमी असूनही चालते, ह्याचे प्रमाण आपल्या घरातच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे गोळा केले आणि त्यांतून साधने घडविली. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी ह्यांतून भूमितीचे आकार उभे करून दाखविले. फ्रोबेलचा ठोकळा, बोर्डीचा शिंपला आणि स्क्रॅचचा रंगीत तुकडा, ही तिन्ही एकाच कुळातील आहेत. त्यांचे मोल त्यांच्या किमतीत नाही. मुलाच्या हाताला आणि मनाला ती किती काम ठेवतात, ह्यात आहे.

ही कसोटी आज अधिकच निकडीची झाली आहे. ग्रंथ निघाला तेव्हा, सांगताक्षणी निबंध, चित्र वा कविता करून देणारी कृत्रिम बुद्धीची यंत्रे सामान्य लोकांच्या हाती आलेली नव्हती. २०२२ सालापासून ती आली. त्यांनाही सर्जनाचीच साधने म्हणण्यात येते. परंतु स्क्रॅचमध्ये मांजराने एक पाऊल टाकावे म्हणून मुलाला विचार करावा लागतो. येथे विचार आणि पाऊल दोन्ही आयती मिळतात. उंबरठा इतका ठेंगणा झाला आहे की तो उरलाच नाही, आणि उंबरठाच नसला तर आपण घरात आलो की रस्त्यावरच उभे आहोत, हेही कळत नाही. ह्या फरकाकडे पाहण्याची दृष्टी रेझ्निक ह्यांच्या ग्रंथाने दिली, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

सारांश, शिक्षकांनी आणि आईबापांनी अवश्य वाचावा असा हा ग्रंथ आहे. मात्र तो अर्ध्या सत्याचा उत्कृष्ट ग्रंथ आहे, हे ध्यानी ठेवून वाचावा. मुलाच्या हाती ॲप देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ह्याने त्याला काय करावे लागेल? आणि हे करण्यासाठी त्याच्या मनात आधी काय साठलेले आहे? पहिल्याचे उत्तर रेझ्निक देतील. दुसऱ्याचे उत्तर घरातील पुस्तकांच्या कपाटाने, आजीच्या गोष्टींनी आणि वर्गातील शिक्षकाने द्यावयाचे आहे. बालवाडी जन्मभर चालो. पण तिच्या शेजारीच ग्रंथशाळाही जन्मभर उघडी असली पाहिजे.