कायद्याच्या राज्याची निगराणी : युरोपीय अहवालपद्धती आणि जायकवाडीचा अनुभव

बीजसंज्ञा : कायद्याचे राज्य, निगराणी, युरोपीय संघ, समन्यायी पाणीवाटप, जायकवाडी

प्रस्तावना

'कायद्याचे राज्य' ही संकल्पना अध्यापनात बहुधा ए. व्ही. डायसी यांच्या १८८५ मधील विवेचनापासून सुरू होते आणि इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण या १९७५ च्या निकालापाशी येऊन थांबते. या निकालात ही संकल्पना भारतीय राज्यघटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग मानली गेली. परंतु कायदा झाल्यानंतर तो पाळला जातो की नाही हे पाहावयाचे कोणी, कोणत्या मापाने, आणि तो पाळला गेला नाही तर पुढे काय, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहतात. युरोपीय संघात गेली अनेक वर्षे नेमक्या याच प्रश्नांवर वाद चालू आहे. महाराष्ट्रात हेच प्रश्न पैठणच्या नाथसागराच्या पाणीपातळीशी जोडले गेले आहेत. प्रस्तुत लेखात या दोन अनुभवांची तुलना करून निगराणीच्या पद्धतीचे परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे.

एकीकडे सार्वभौम राष्ट्रांचा संघ आणि दुसरीकडे एकाच राज्यातील जिल्हे, असा फरक येथे आहे. तरीही दोन्हीकडील पेच सारखाच आहे. नियम सर्वांना मान्य असतो. मात्र ज्याने तो पाळावयाचा त्याच्याच हाती कळ असते. सदस्य राष्ट्राच्या हाती त्याची न्यायव्यवस्था असते, तर नदीच्या वरच्या भागातील धरणांचे दरवाजे वरच्या भागातच असतात.

युरोपीय संघाची पद्धती

संघात प्रवेश करू इच्छिणाऱ्या राष्ट्रात कायद्याचे राज्य असावे, ही अट १९९३ च्या कोपनहेगन निकषांनी घातली. प्रवेशानंतर राष्ट्र त्या वाटेवरून ढळले तर काय करावे, याचे उत्तर युरोपीय संघाच्या कराराच्या सातव्या अनुच्छेदात आहे. गंभीर उल्लंघन सिद्ध झाल्यास सदस्य राष्ट्राचा मताधिकारही स्थगित करता येतो. ही कारवाई युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये पोलंडविरुद्ध आणि युरोपीय संसदेने सप्टेंबर २०१८ मध्ये हंगेरीविरुद्ध सुरू केली. मात्र उल्लंघन सिद्ध झाल्याचे ठरविण्यासाठी संबंधित राष्ट्र वगळता उर्वरित सर्वांचे एकमत लागते. दोन राष्ट्रे एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली की ही तरतूद निष्प्रभ होते. पोलंडविरुद्धची कारवाई मे २०२४ मध्ये संपली, पण ती २०२३ च्या निवडणुकीतील सत्तांतरानंतर. मताधिकार कधीच स्थगित झाला नाही.

या कोंडीतून २०२० मध्ये वार्षिक अहवालाची पद्धत सुरू झाली. न्यायव्यवस्था, भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा, माध्यमांचे स्वातंत्र्य आणि सत्तेवरील संस्थात्मक नियंत्रणे या चार अंगांनी प्रत्येक सदस्य राष्ट्राची पाहणी होते. २०२२ पासून अहवालात शिफारशीही येऊ लागल्या. सर्वांना एकच मोजमाप लावले जात असल्याने 'आमच्यावरच नजर का?' ही तक्रार उरत नाही, हे या पद्धतीचे बळ होय. ज्याचे नाव कठोरपणे घ्यावयास हवे तोही सत्तावीस प्रकरणांपैकी एक प्रकरण होऊन बसतो, ही तिची मर्यादा होय.

किम लेन शेपेल यांनी २०१३ मध्येच निकषांच्या यादीवर मूलगामी आक्षेप घेतला होता. एखाद्या राज्यव्यवस्थेतील प्रत्येक तरतूद सुटी तपासली तर ती कोठल्या तरी प्रतिष्ठित लोकशाहीत सापडते. परंतु अशा निर्दोष भासणाऱ्या तुकड्यांच्या जोडणीतून उभी राहणारी व्यवस्था मात्र विपरीत असू शकते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मूल्यांकनाचे तक्ते दरवर्षी भरणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांना हा आक्षेप समजण्यास अवघड नाही. रकाने भरलेले असणे आणि वर्गात अध्यापन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

युरोपात परिणाम दिसला तो अहवालाला आर्थिक अट जोडली गेल्यावर. संघाचा निधी आणि कायद्याचे राज्य यांची सांगड घालणारा विनियम जानेवारी २०२१ पासून लागू झाला. युरोपीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो वैध ठरविला आणि डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचा सुमारे ६.३ अब्ज युरोंचा निधी रोखण्यात आला. अहवाल निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. कारवाईला लागणारा पुरावा अशा नोंदींतूनच साठतो. पण नोंद ही कारवाईची जागा घेऊ शकत नाही.

जायकवाडी : कलम, तारीख आणि टक्केवारी

जायकवाडी प्रकल्पाचे भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते प्रकल्पाचे उद्घाटन झाले. नाथसागराची एकूण साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. धरणाच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, पालखेड, प्रवरा व मुळा हे धरणसमूह आहेत. पाऊस अपुरा पडला की वरची धरणे आधी भरतात आणि नाथसागर रिता राहतो.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) ने या परिस्थितीवर स्पष्ट नियम घालून दिला. टंचाईचा भार खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावा आणि त्यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांतील उपयुक्त पाण्याची टक्केवारी, खरिपातील वापर धरून, जवळपास सारखी ठेवावी, असे हे कलम सांगते. कायद्याच्या भाषेत तारीख आणि माप दोन्ही असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तरीही कलम आपोआप अंमलात आले नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात ते वादाच्या केंद्रस्थानी आले आणि प्रकरण प्राधिकरण व उच्च न्यायालय यांच्यापुढे गेले. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने धरणसमूहनिहाय तक्ते तयार केले. त्यांच्या आधारे प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला. १५ ऑक्टोबरच्या स्थितीनुसार खरिपातील वापर धरून जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावयाचे, हा त्या व्यवस्थेचा गाभा होय. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ च्या निकालात समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले.

नियमाअभावी कायदा कसा अधांतरी राहतो, याचे अधिक जुने उदाहरण महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ हे आहे. या अधिनियमाचे नियम दीर्घकाळ तयारच झाले नाहीत आणि कारभार जुन्या, रद्द झालेल्या कायद्याखालील नियमांवर चालत राहिला. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतील (वाल्मी) माजी अध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी ही उणीव सातत्याने निदर्शनास आणली. ती दाखविण्यासाठी एका जाणकाराला वर्षानुवर्षे लिहावे लागले, यावरून शासनांतर्गत निगराणीची अवस्था स्पष्ट होते.

तौलनिक परीक्षण

युरोपीय अहवाल व्यापक आहे, पण त्यात 'यापुढे काय' याचे उत्तर नाही. जायकवाडीचा आदेश संकुचित आहे. तो एकच गोष्ट मोजतो, परंतु मोजणीनंतरची कृती आधीच ठरलेली असते. या दृष्टीने १५ ऑक्टोबर ही तारीख एखाद्या जाडजूड अहवालापेक्षा अधिक परिणामकारक आहे. पाणी सोडावे की नाही हा दरवर्षीचा राजकीय सौदा न राहता ती तपासून पाहण्याजोगी गोष्ट ठरली. एरवी सामान्य शेतकऱ्याला एवढ्या मोठ्या यंत्रणेला जाब विचारण्याचे साधन उरत नाही.

मात्र या व्यवस्थेची तीन दुर्बल स्थळे नोंदविणे आवश्यक आहे. पहिले स्थळ विलंबाचे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती नाकारली. प्रत्यक्ष विसर्ग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. पाण्याच्या बाबतीत विलंब हा केवळ कालापव्यय नसतो. पात्र जितके कोरडे तितका वहनव्यय अधिक, आणि वाटेतील बंधाऱ्यांच्या फळ्या व नदीकाठचे पंप यांचा प्रश्न निराळाच. आदेशाचे पालन झाले असे म्हणताना किती पाणी सोडले याबरोबरच किती आणि केव्हा पोहोचले, हेही मोजावे लागेल.

दुसरे स्थळ मोजणाऱ्याचे. युरोपात पाहणी करणारा आयोग आणि पाहिले जाणारे राष्ट्र निराळे असतात. येथे साठा मोजणारे, खरिपातील वापर नोंदविणारे आणि दरवाजे उघडणारे सर्व एकाच खात्याचे घटक आहेत. खरिपातील वापराचा आकडा थोडा बदलला तरी सोडावयाचे पाणी बदलते. म्हणून या नोंदी ऑक्टोबरपूर्वीच लोकांसमोर येणे आणि त्यांची त्रयस्थ पडताळणी होणे हा निगराणीचा पाया ठरतो.

तिसरे स्थळ अंकाचे. २०२३ मध्ये नेमलेल्या प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ६५ टक्क्यांची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली आणि मराठवाड्यातून तिला तीव्र विरोध झाला. अंकाचा कालांतराने फेरविचार होणे गैर नाही. नाशिक-नगर भागातील शेतकऱ्यांचा वहनव्ययाविषयीचा आक्षेप आणि तेथील जुन्या कालव्यांवरील हक्क यांचीही दखल घ्यावीच लागेल. परंतु फेरविचाराची कसोटी कलमातील 'टंचाईचे समन्यायी वाटप' हीच असावयास हवी. मर्यादा घटविल्याने पालन सोपे होत असेल आणि टंचाईचा भार मात्र खालच्या भागावर सरकत असेल, तर कागदावर कायदा पाळला जाईल आणि त्याचा हेतू हरवेल. शेपेल यांचा आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो.

येथेच मराठवाड्यानेही स्वतःकडे पाहणे अगत्याचे आहे. त्याच कलमाचा खंड (क) लाभक्षेत्रातील प्रत्येक भूधारकाला पाण्याचा कोटा देण्यास सांगतो. पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या मुखाशी उसाला पाणी आणि परभणीकडील शेपटाला कोरड असेल, तर खंड (ग) चा आग्रह धरणाऱ्यांनी खंड (क) विषयी मौन बाळगणे कायद्याच्या राज्याला धरून होणार नाही. सोयीचे कलम तेवढे मागणे ही कायद्याची मागणी नव्हे; ती हिश्शाची मागणी होय.

समारोप

युरोपीय अनुभवावरून असे दिसते की परिणामाची जोड नसलेली निगराणी दप्तरी जमा होते. जायकवाडीच्या अनुभवावरून असे दिसते की तारीख, माप आणि ठरलेली कृती असली तरी मोजणारा त्रयस्थ नसेल आणि विलंबाला मोल नसेल, तर कायदा दर दुष्काळात नव्याने न्यायालयात जाऊन सिद्ध करावा लागतो. पैठणला एकेकाळी धर्मनिर्णयासाठी दूरदूरचे लोक येत, अशी परंपरा सांगितली जाते. आज तेथील जलाशयाची पातळी हाच एक निर्णय असतो : १५ ऑक्टोबरला ती पाहून राज्यात कायद्याचे राज्य कितपत आहे, हे पडताळता येते. ते पडताळण्याचे साधन नागरिकांच्या हाती राहावे, यासाठी ६५ टक्क्यांच्या मर्यादेत कोणताही बदल करण्यापूर्वी सोडलेल्या आणि पोहोचलेल्या पाण्याच्या आजवरच्या सर्व नोंदी एकत्रितपणे प्रसिद्ध होणे, ही किमान अपेक्षा ठेवावी लागेल.